पंधरा दिवसाला आम्ही बाया बसतो, ते कशासाठी

गावात लोकं विचारतात, तुम्ही बाया पंधरा दिवसाला समाजमंदिरात बसून करता काय. बचत गट नाही, भजनी मंडळ नाही, पैसे गोळा करत नाही, मग चटई टाकून दोन दोन तास बोलता काय एवढं. सासूबाईंनीपण विचारलं होतं. मी दरवेळी "पोराईचं बोलतो" एवढंच सांगून मोकळी व्हायची. पण आता वाटतं की नीट लिहून काढावं, कारण आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात ज्या ज्या घरी असं एखादं पोरगं आहे तिथं त्याची माय एकटीच बसलेली आहे आणि तिला माहीतच नाही की दोन गावं सोडून अजून एक तशीच बसलेली आहे.

पहिले हे सांगते की "असं पोरगं" म्हणजे कसं. हट्ट तर सगळीच पोरं करतात, दुकानापाशी लोळण घेणं, जेवणाचं ताट सरकवणं, हे घरोघरी आहे. पण काही पोरांचं वागणं इतकं जोराचं असतं, इतक्या वेळा होतं आणि इतका वेळ चालतं की त्यात त्यालाच नाहीतर दुसऱ्याला लागतं, शाळा सुटते, लग्नाकार्याला जाणं बंद होतं, एसटीत बसायची हिंमत होत नाही. स्वतःचं डोकं भिंतीवर आपटणं, चावणं, वस्तू फेकणं, घरातून पळून जाणं, तासभर किंचाळणं. शिकलेली लोकं याला आव्हानात्मक वर्तन म्हणतात, आमच्याकडे सरळ "वाया गेलेलं पोट्टं" म्हणतात. यामागं बरंच काही असू शकतं, एडीएचडी (पुढं सांगते), ऑटिझम (मेंदूची घडणच वेगळी, त्यामुळं बोलणं, लोकांत मिसळणं कठीण जातं), बुद्धीची वाढ कमी असणं, बोलता न येणं, कधी घरातलं रोजचं भांडण.

माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला एडीएचडी आहे. सोपं करून सांगायचं तर त्याच्या मेंदूचा ब्रेक उशिरा लागतो. मनात आलं आणि हात उठला, मधे थांबायला जागाच नाही. जगभरात साधारण ५ टक्के पोरांमधे हे सापडतं, म्हणजे शंभर पोरांच्या शाळेत चार-पाच असू शकतात, आणि यात आईबापाकडून अंगात आलेला भाग सगळ्यात मोठा असतो. लाडानं एडीएचडी होत नाही. घरात आपण कसं वागतो त्यानं त्रास कमीजास्त होतो हे खरं आहे, पण मूळ तिथून येत नाही. हे मला कळायला तीन वर्षं लागली. तोपर्यंत जाणत्याकडे नेलं, गंडा बांधला, शाळा बदलली, मारलं.

तान्ह्या पोळ्याचं सांगते. तो सहा वर्षांचा होता, बापानं हौसेनं लाकडी बैल आणला, मी झूल शिवली, शिंगांना बेगड लावली. मारुतीच्या पारासमोर सगळी पोरं आपापले बैल घेऊन रांगेत, ताशा वाजून राहिला, उन्हाचा तडाखा, आणि बक्षीस देणारे पाहुणे येता येईनात. अर्धा तास झाला आणि यानं बाजूच्या पोराचा बैल उचलून आपटला. शिंग तुटलं. ते पोरगं रडायला लागलं, त्याची आजी ओरडली, "मायले आवरत नाही पोट्टं, अन् आली मोठी पोळ्याले." मी सगळ्यांसमोर त्याला दोन ठेवून दिल्या. त्यानं माझ्या मनगटाला चावा घेतला. मी खाली बसले ती उठूच शकले नाही. तेव्हा पोळ्यासाठी माहेरी आलेली एक बाई, आधी कधी पाहिली नव्हती, ती माझ्याजवळ येऊन बसली, मातीतून ते शिंग शोधून काढलं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "माहा बी असाच हाय वो ताई. हे फेविकॉलनं लागते, रातभर हात नोको लावजो."

बस एवढंच. मला कोणीतरी पहिल्यांदा असं बोललं होतं ज्यात माझं काय चुकलं ते नव्हतं. तिचा नंबर घेतला आणि आम्हा दोघींच्या फोनपासून आमची ही बैठक झाली.

आता यामागचं जे समजलं ते सांगते, कारण नुसतं "बोललं की हलकं वाटतं" एवढंच नाही ते. हलकं वाटतंच, पण त्याच्या पुढचं जास्त कामाचं आहे.

अमेरिकेत ऑरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी कितीतरी घरांमधे जाऊन आईबाप आणि मुलं एकमेकांशी कसं वागतात ते मिनिटामिनिटानं लिहून घेतलं. त्यांना जे दिसलं ते आपल्या घरात लावून बघा. पोरगं मोबाईल मागतं, आपण नाही म्हणतो. ते ओरडतं, आपण त्याच्यावर ओरडतो. ते ताट फेकतं. चूल पेटलेली आहे, सासरे खाटेवर खोकून राहिले, आपण थकून शेवटी मोबाईल देऊन टाकतो. एकदम शांत. आता यात दोघंही शिकले. पोरगं शिकलं की ताट फेकलं की मिळतं, आणि आपण शिकलो की दिलं की शांत होतं. कोणी वाईट नाही यात, दोघांनाही त्या क्षणी सुटका मिळाली. पण उद्या सुरुवात ओरडण्यापासून होत नाही, ताट फेकण्यापासूनच होते. कधी उलटं होतं, आपण हात उचलला आणि ते गप्प बसलं तर आपला हात शिकतो. पुढच्या वेळी हात लवकर उठतो. असं दोन्हीकडून चढत जातं.

यातून निघायचा रस्ता कोणताही डॉक्टर सांगेल. ओरडून मागितलं तर द्यायचं नाही, शांतपणे मागितलं की लगेच कौतुक करायचं, मागायचा दुसरा मार्ग शिकवायचा. ऐकायला सोपं. पण यात एक गोष्ट अशी आहे की देणं बंद केलं की पहिले त्रास कमी होत नाही, वाढतो. म्हणजे जे पोरगं दहा मिनिटं ओरडायचं ते अर्धा तास ओरडतं, कारण आजपर्यंत चालत आलेला उपाय का चालत नाही म्हणून ते अजून जोर लावून बघतं. नंतर हळूहळू उतरतं. आणि बहुतेक आया नेमक्या त्या वाढलेल्या दिवशीच हरतात, मीपण हरले होते, आणि तिथं हरलं तर पोरगं शिकतं की अर्धा तास ओरडलं की मिळतं. म्हणजे आधीपेक्षा वाईट. हे कागदावर समजावून सांगितलेलं मला होतं. रात्री साडेआठला दार लाथांनी वाजत असताना कागद कुठं आठवतो.

तेव्हा मी गोठ्याच्या मागं जाऊन त्या पोळ्यातल्या बाईला फोन लावला. पोरगा बापाजवळ घरात होता, त्याचा आवाज तिला फोनमधून ऐकू जात होता. ती म्हणाली, "आज वाढन. उद्याही वाढन. मंग उतरन. तू दिला मोबाईल तं पुढच्या टायमाले इथूनच सुरू होईन. काही बोलू नोको, मी आहो ना फोनवर." आणि खरंच ती काही बोलली नाही. तिच्याकडून लसूण सोलल्याचा, मधेच भांड्याचा आवाज येत राहिला. बावीस मिनिटं. मग आतलं ओरडणं थांबलं आणि तो पाणी मागायला लागला, साधं, नेहमीच्या आवाजात. मी त्याला पाणी दिलं, डोक्यावरून हात फिरवला. फोन ठेवताना ती म्हणाली, "माहा पहिल्या दिवशी पाऊण तास चालला होता."

आता बघा, मला तिनं नवीन काही सांगितलं का? नाही. पण ज्या बाईचं स्वतःचं पोरगं पाऊण तास ओरडलं आणि ती नमली नाही, तिचं "उतरन" हे खरं वाटतं. डॉक्टरांवर माझा विश्वास नव्हता असं नाही, पण डॉक्टर रात्री साडेआठला माझ्या गोठ्यामागं नसतात. याला इंग्रजीत पीअर सपोर्ट म्हणतात. मी "सारख्याला सारख्याचा आधार" म्हणते. शिकलेला विरुद्ध अडाणी असं काही नाही यात, एकाच वाटेवर दोन पावलं पुढं असलेली बाई मागच्या बाईला आवाज देते एवढंच.

दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरच्या माणसाला दिसतं ते आपल्याला दिसत नाही. आम्ही बैठकीत तीनच प्रश्न विचारतो, आधी काय झालं होतं, पोरानं काय केलं, मग तुम्ही काय केलं. आणि वहीत लिहायला सांगतो, वार आणि वेळ टाकून. वागण्याला कारण असतंच, काहीतरी पाहिजे असतं, नाहीतर कशातून तरी सुटका पाहिजे असते, नाहीतर कोणी लक्ष द्यावं वाटतं, नाहीतर अंगाला काहीतरी सहन होत नसतं. माझ्या वहीतली दोन पानं बघून एक ताई म्हणाली, "सगळे भांडणं तं साडेपाच ते साडेसहाच्या मंधातच दिसून रायले. शाळेतून आल्यावर खाते काय थो?" मी विचारच केला नव्हता. दुपारी शाळेतली खिचडी, ती तो अर्धी टाकायचा, आणि मी वेचणीवरून येऊन भाकरी टाकेपर्यंत सात वाजायचे. पाच तास पोट रिकामं. दुसऱ्या दिवसापासून फुटाणे आणि गुळाचा खडा डब्यात घालून आजीजवळ ठेवायला लागले, तो घरात आला की पहिले ते. सगळं गेलं नाही, पण आठवड्यातले पाच भांडणाचे दिवस दोनवर आले. ही काही मोठी विद्या नव्हती. मी स्वतः त्या वेळी थकलेली, भुकेली, चिडलेली असायची म्हणून मला दिसत नव्हतं.

असंच एका ताईंचं. त्यांचं पोरगं ऑटिझमचं, बोलत नाही, सोयाबीन काढायच्या दिवसांत घरातून पळायचं, एकदा विहिरीजवळ सापडलं. गावानं ठरवलं की बाहेरचं लागलं. वहीत लिहिल्यावर दिसलं की ज्या दिवशी जवळच्या वावरात थ्रेशर चालू त्याच दिवशी पळतं. ऑटिझमच्या कितीतरी पोरांना आवाज, उजेड, कपड्याचा स्पर्श आपल्यापेक्षा फार जास्त लागतो. आता थ्रेशर लावायच्या आदल्या दिवशी शेजारी त्यांना निरोप देतात, मग त्या ताई पोराला घेऊन बहिणीच्या गावी जातात.

मायलाच दोष देणं हे फक्त आपल्या गावचं नाही हे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं, म्हणून सांगते. ऑटिझमचं पहिलं नीट वर्णन अमेरिकेतले डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली केलं, आणि त्यानंतर पंधरा-वीस वर्षं मोठमोठे तज्ज्ञ असं म्हणत होते की आई थंड असते, माया लावत नाही म्हणून पोरगं असं होतं. चांगले शिकलेले लोकं! हे मोडून काढायला पुढं कोण आलं तर आईबापच. बर्नार्ड रिमलँड, स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील, यांनी १९६४ साली दाखवून दिलं की हे मेंदूच्या जडणघडणीतून येतं, आणि १९६५ साली बाकी पालकांना घेऊन अमेरिकेत संघटना काढली. लंडनमधे १९६२ सालीच पालकांनी संस्था सुरू केली होती, त्यात लॉर्ना विंग होत्या, त्या डॉक्टरपण आणि अशा मुलीची आईपण. आपल्या दिल्लीत मेरी बरुआ या आईनं १९९१ साली ॲक्शन फॉर ऑटिझम सुरू केली. म्हणजे दोष अंगावरून उतरवायचं काम जिथं जिथं झालं तिथं पहिले आईबाप एकत्र बसलेले होते.

याचा खरंच उपयोग होतो का हे तपासूनही पाहिलेलं आहे. लंडनच्या सदर्क भागात, गरीब वस्तीत, पोरांच्या वागण्यानं त्रासलेल्या ११६ कुटुंबांवर अभ्यास झाला, तो २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे आला. आठ आठवड्यांचे वर्ग, आणि शिकवणारे कोण तर त्याच भागातले साधे पालक, ज्यांना आधी प्रशिक्षण दिलेलं होतं. ज्यांना हे वर्ग मिळाले त्यांच्या मुलांच्या वागण्याचा त्रास, वर्गासाठी नंबर लागायची वाट पाहणाऱ्या घरांपेक्षा कमी झाला, आईबापांची वागायची पद्धत सुधारली. पण आईबापांचा ताण मात्र फारसा कमी झाला नाही. मला हे वाचून आश्चर्य वाटलं नाही. पोरगं शांत झालं म्हणून कर्ज फिटत नाही, नवरा बोलायला लागत नाही. म्हणून आमच्या बैठकीत पहिला अर्धा तास पोरांचं नाही, आपापलं बोलायचं असतं.

आणि हे फक्त लंडनला जमतं असंही नाही. आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला होता, उदासी आणि ताणासाठी, त्यात गावपातळीवरचे साधे कार्यकर्ते घरोघरी जाऊन बोलायचे, धीर द्यायचे आणि गरज असेल तिथं डॉक्टरांपर्यंत पोचवायचे. उदासीच्या आजारासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं, दीड वर्षात. तो पोरांसाठीचा कार्यक्रम नव्हता, पण मला त्यातून एवढं दिसतं की गावातलं माणूस दारात आलं तर आपल्याकडची लोकं मनातलं बोलतात. बोलत नाहीत हे खोटं आहे.

बापांचं काय, हे पण विचारतात. ते यायचे नाहीत. बायकोला गाडीवर सोडायचे आणि बाहेर पारावर बसायचे. आम्हीपण आग्रह केला नाही. एकदा तिथं एकाचा फवारणीचा पंप बिघडला होता, चौघं मिळून खोलून बसले, वॉशर बदलता बदलता एकजण खाली मान घालून म्हणाला, "मी त्याले पट्ट्यानं हाणलं परवा. मंग थो झोपल्यावर त्याच्या पायाले तेल लावत बसलो." कोणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग दुसरा म्हणाला, "मी बी." हे मला माझ्या नवऱ्यानं रात्री सांगितलं, त्यात तो दुसरा म्हणजे माझा नवरा होता. त्यानंतर ते बाहेरच बसतात, पण लवकर येतात.

काय करत नाही तेपण सांगायला पाहिजे, कारण इथं घोळ होऊ शकतो. आम्ही औषध सांगत नाही. "माझ्या पोराला ही गोळी लागू पडली, तू पण दे" हे आमच्याकडे एकदा झालं होतं, वेळेवर थांबवलं, तेव्हापासून गोळीचं नाव काढायचं नाही आणि डॉक्टरांना न विचारता चालू असलेली बंदपण करायची नाही. तिथं बोललेलं गावात न्यायचं नाही, कारण एका गावात सगळे नात्यातले, सकाळी बोललेलं संध्याकाळी सासूपर्यंत जातं, म्हणून आम्ही मुद्दाम तीन गावच्या जणी आहोत. तुझ्यापेक्षा माझं कठीण असं करायचं नाही. आणि पोरगं स्वतःला जबर इजा करून घेत असेल, झटके येत असतील, आधी येत असलेलं बोलणं गेलं असेल, किंवा आईच "जगून काय करू" म्हणत असेल, तर बैठकीची वाट न पाहता दवाखाना. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीपण लागतो, मराठीत बोलतात.

माहितीची देवाणघेवाण हा एक मोठा भाग. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं, ते दात आणि वजन बघून जातात असं वाटतं, पण त्यात वाढीतले आणि वागण्यातले दोषपण येतात, आपण स्वतः उभं राहून सांगायचं, मग ते जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम आणि शिकण्यातली अक्षमता त्यात आहे. सरकारच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत दवाखान्याचा खर्च मिळतो, पण तो ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेनं हातपाय नीट न चालणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांग यांनाच, एडीएचडीला नाही, उगाच चकरा मारू नका, मी मारल्या. आणि एक. माझ्या मुलाला एका शाळेनं "उद्यापासून आणू नका" असं तोंडी सांगितलं होतं, मी गुपचूप दप्तर उचलून आले होते. बैठकीतल्या एका ताईनं सांगितलं की २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्यानं आठवीपर्यंत कोणत्याही पोराला शाळेतून काढता येत नाही आणि मारताही येत नाही. आता कोणाला असं सांगितलं तर आम्ही दोघी-तिघी तिच्यासोबत शाळेत जातो. भांडत नाही. फक्त म्हणतो, हे लिहून द्या. कोणी लिहून देत नाही, पोरगं वर्गात बसतं.

सुरू करायला फार लागत नाही. दोघी पुरे. अंगणवाडीच्या मॅडमला किंवा आशाताईला विचारलं तर त्यांना माहीत असतं कोणाच्या घरी असं पोरगं आहे, पण त्यांच्याकडून निरोप पाठवायचा, आपण दारात जाऊन उभं राहायचं नाही, त्या बाईला आधीच लाज असते. पोरांना आणायचं असेल तर सांभाळायला कोणी पाहिजे, आमच्याकडे एकीची सासू बसते अंगणात, वाळूचा ढीग आणि पाण्याची बादली देऊन. पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत बैठक तुटते, तुटू द्यायची, फोन चालू ठेवायचा.

गेल्या पावसाळ्यात एक नवीन बाई आली, पंचवीसची असेल. तीन वेळा आली आणि दाराशी बसून चटईच्या काड्या उपटत राहिली, एक शब्द नाही. आम्ही विचारलं नाही. चौथ्या वेळी कोणीतरी आपल्या पोरानं पोळ्या नालीत फेकल्याचं सांगत होतं, तर ही एकदम म्हणाली, "माही पोट्टी तं गॅसवरच चढते." सगळ्या तिच्याकडे वळल्या. मी वही काढली आणि विचारलं, त्याच्या आधी काय झालं होतं.